देवळाच्या दाराला बांधलेलं नवं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली नगरकडून रत्नागिरीच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून झाली. निघण्याआधी मला सांगण्यात आलं होतं, की तिथली मंडळी लहान आहे, शिस्तीची आहे आणि पाळकाला त्रास देत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पहिल्या काही महिन्यांतच मला वाटायला लागलं, की यांनी थोडा त्रास दिला असता तर बरं झालं असतं.

मंडळीतली माणसं म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्सा, शाळामास्तर, पोस्टातले, बांधकाम खात्यातले. बहुतेक माझ्यासारखेच बदलीने आलेले, कोणी मिरजेचे, कोणी कोल्हापूरचे, कोणी सोलापूरचे. आंबा, भात आणि मासळी यांवर सगळा जिल्हा जगायचा आणि आमच्यातल्या एकाचाही हात त्यातल्या कशाला लागत नव्हता. मिरकरवाड्यात होड्या बंद झाल्या काय नि सुरू झाल्या काय, बागांत मोहर धरला काय नि गळला काय, आम्ही आपले वरून आलेल्या सर्क्युलरप्रमाणे सण पाळायचो.

त्या सर्क्युलरात कापणीचा सण फेब्रुवारीत असे. आमच्या नगरकडे ते बरोबरच आहे, तेव्हा ज्वारी उभी असते. लोक शेतातली कणसं आणून वेदीपुढे ठेवतात, पिकाबद्दल देवाचे उपकार मानतात, मग त्या वस्तूंचा लिलाव होतो. पण फेब्रुवारीत रत्नागिरीत काय कापणार, कातळ? तर आमची मंडळी कोल्हापूरच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून ज्वारीची ताटं मागवायची. बाजारातून सफरचंदं, द्राक्षं, कोबीचे गड्डे यायचे. उपासना झाली, की लिलावात ज्याचं सफरचंद तोच घेऊन घरी जायचा. पहिल्या वर्षी ते बघून माझं डोकंच फिरलं. हे उपकार देवाचे मानायचे का एसटीचे, असं मी घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, दोघांचे माना, गाडी वेळेवर आली होती.

मी ठरवलं, की पुढचा सण दसऱ्यानंतरच्या रविवारी करायचा, इथलं भात कापलं जातं तेव्हा. कमिटीत यावर जे झालं ते आठवलं तरी अजून डोकं दुखतं. विरोध असा कोणीच केला नाही. कोणी म्हणालं, वरून परवानगी लागेल. कोणी म्हणालं, दिवाळीची खरेदी असते. कोणी म्हणालं, कल्पना चांगली आहे, पुढच्या वर्षी बघू. त्यात आमचे सेक्रेटरी. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, रत्नागिरीत घर बांधून राहिलेले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, एका रविवारी गैरहजर नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की दसऱ्याला लागूनच का. मी म्हणालो, भात दसऱ्यालाच पिकतं, त्याला मी काय करू. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मला वाटलं, मी जिंकलो.

मग मी वेदीवरून सांगितलं, की या वेळी बाजारातलं काही आणायचं नाही. ज्याने पिकवलं त्याला तुम्ही ओळखत असाल तेवढंच आणा. मंडळी माझ्याकडे बघत राहिली. यांची कोणाशी ओळख असणार?

एका बाईची होती. आमच्या बालवाडीत आयाचं काम करणारी ही विधवा बाई देवळाच्या आवारातच मागच्या खोलीत राहायची. सबंध मंडळीत या जिल्ह्याच्या मातीतली ती एकटीच. हातखंब्याच्या पुढे आतल्या एका खेड्यात तिचं माहेर. तरुणपणी हॉस्पिटलात कामाला आली, तिथल्या ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न केलं, आणि माहेरचं दार बंद झालं. आईवडील त्याच रागात गेले. राहिला एक भाऊ. तो आठवडाबाजारात भेटला की पिशवीभर तांदूळ नाहीतर आमसुलं हातात देई, बरी आहेस ना विचारी. पण तिच्या खोलीचा उंबरा त्याने कधी ओलांडला नव्हता. नवरा वारला तेव्हासुद्धा फाटकापर्यंत आला आणि तिथूनच गेला.

माझं ऐकून ही बाई एसटीत बसून थेट माहेरी गेली. खळ्यातच उभी राहिली म्हणे, आणि भावाजवळ आपल्या शेतातल्या भाताचा एक भारा मागितला, देवाला द्यायला म्हणून. भाऊ म्हणाला, तू कशी नेणार डोक्यावरून, मीच घेऊन येतो.

परत आली ती आमच्याच दारात. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. रविवारी भाऊ येणार, उपासना झाल्यावर तो खोलीवर येईल, त्याला घावणे आवडतात, नारळाचा रस करीन. माझ्या बायकोकडून चांगल्या बशा मागून घेतल्या. मग जाता जाता माझ्याकडे वळली.

"पाळकसाहेब, तेवढी प्रार्थना करा. त्याने माझ्या घरी बसून दोन घास खावेत. मला दुसरं काही नको."

मी प्रार्थना केली. मनापासून केली. एरवी मी मंडळीसाठी ज्या प्रार्थना करायचो त्यांत ही उठून दिसेल इतकी साधी होती.

रविवारी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली होती. घंटा व्हायच्या आधीच भाऊ आला. धोतर, धुतलेला सदरा, डोक्यावर भाताचा भारा. भारा त्याने पायरीवर ठेवला, वहाणा लांब काढल्या आणि हातातली जुडी देवळाच्या दाराच्या कडीला बांधली. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूचं फूल. कोकणात याला नवं म्हणतात. शेतातलं नवं धान्य घरात न्यायच्या आधी ते घराच्या दाराला बांधतात, मगच धान्य आत जातं. मी तिथेच उभा होतो. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याचा हातच धरला. इतक्या वर्षांत आमच्या देवळात पहिल्यांदा कोणीतरी कापणी करून आलं होतं. मी त्याला मागच्या बाकावर बसवलं, भारा वेदीपुढे नेऊन ठेवला आणि झगा घालायला आत गेलो.

तेवढ्या वेळात, मला मागाहून कळलं, सेक्रेटरी आले. दाराला बांधलेली जुडी त्यांनी पाहिली, खिशातला चाकू काढला आणि दोरी कापली. आरडाओरडा नाही, काही नाही. जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवली, हात झटकले आणि आपल्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. भाऊ बाकावरून हे सगळं बघत होता.

मी वेदीपाशी उभा राहिलो तेव्हा दार मोकळं दिसलं आणि मागचा बाकही मोकळा दिसला. बाई पुढेच बसली होती, तिला काहीच माहीत नव्हतं. वेदीपुढे तिचा भारा होता आणि ती त्याच्याकडे बघत उपकारस्तुतीचं गीत मोठ्याने म्हणत होती. मला ते गीत थांबवावंसं वाटलं. पण मी ते थांबवलं नाही, पुढचं वाचन केलं, उपदेशही केला. कशावर केला असेन देव जाणे. शेवटी आशीर्वाद घेण्यासाठी सगळे उभे राहिले, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं.

लिलावात भाऱ्याची पाळी आली तेव्हा लोकांना हसू आलं. न झोडलेलं भात क्वार्टरमध्ये नेऊन करायचं काय? एका मास्तरांनी विचारलं, याचा कुकरमध्ये भात होतो का. बाई उठली, तिने भारा उचलला, कमरेवर घेतला आणि मागच्या खोलीकडे चालू लागली. तिला कोणी अडवलं नाही. माझी बायको तिच्यामागून गेली. घावणे तसेच झाकलेले होते, असं तिने मला नंतर सांगितलं.

मी सेक्रेटरींना वेस्ट्रीत, झगा ठेवायच्या खोलीत, गाठलं. जे तोंडाला आलं ते बोललो. पाळकाने बोलू नये असंही बोललो असेन. ते उभ्यानेच ऐकत होते. मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी पोळ्याला गावच्या वेशीला तोरण बांधायला नकार दिला. ते काम आमच्या घराकडे होतं. गावाने आमचं पाणी तोडलं, घर सोडायला लावलं. माझी धाकटी बहीण त्या वाटेतच वारली, पाळकसाहेब. तसलंच तोरण मी देवळाच्या दाराला बघत बसू?"

या माणसाला मी इतके दिवस नुसता कोरडा कारकून समजत होतो. आता त्याच्यावर रागावायची सोयही राहिली नाही, आणि राग तर जाईना. तुमच्या वडिलांना ज्यांनी वेशीबाहेर काढलं त्यांच्यात या बाईचा भाऊ नव्हता, एवढंच मी म्हणालो. ते म्हणाले, ते मलाही कळतं.

दोन दिवसांनी मी भावाच्या गावी जायला निघालो. बाई यायला तयार नव्हती, म्हणाली, मी आता कोणत्या तोंडाने जाऊ. एसटी स्टँडवर पाहतो तर सेक्रेटरी उभे, हातात छत्री, तोच इस्त्रीचा शर्ट. मी बोलावलं नव्हतं. सगळा रस्ता आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये त्यांची छत्री.

भाऊ खळ्यात भात झोडत होता. आम्हाला बघून त्याने काम टाकलं, पडवीत घोंगडी अंथरली, गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याच्या घराच्या दाराला तसंच नवं बांधलेलं होतं, आता वाळायला लागलेलं. सेक्रेटरींनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी वडिलांची हकीकत सांगितली, मला सांगितली होती तेवढीच, एक शब्द जास्त नाही. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, मग तुमच्या वडिलांना गावाने परत बोलावलं का कधी. सेक्रेटरी म्हणाले, नाही. आतून भाताचा वास येत होता.

मी मध्येच म्हणालो, की पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा नवं घेऊन या, मी स्वतः दाराला बांधीन. तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघावं तसा.

"नको, पाद्रीसायेब. एकदा सोडलेलं नवं त्याच दाराला परत नाय बांधत आमी. बायला सांगा, मी जेवायला येतंय. पन तुमच्या देवळाच्या दारातनं नाय येनार. मागच्या अंगाला गडगा पडलाय, तिथनं येन."

आणि तो आला. त्याच आठवड्यात आला, आवाराच्या मागच्या बाजूचा दगडी गडगा जिथे ढासळला होता तिथून आत शिरला, बहिणीच्या खोलीच्या दाराला नवं बांधलं आणि आत बसून जेवला. माझ्या बायकोने खिडकीतून पाहिलं आणि तिला रडू आलं. मी मागितलं होतं ते सगळं देवाने दिलं होतं. त्याबद्दल मी उपकार मानले आणि मानता मानता चरफडत होतो.

कारण देवळाच्या दाराचं काही झालंच नाही. मी कमिटीपुढे विषय मांडला, की इथल्या माणसांचं नवं आपल्या दाराला चालावं. हात वर झाले ते माझ्या विरुद्ध. सेक्रेटरींनी कुठलाच हात वर केला नाही. त्याच बैठकीत पुढचा विषय निघाला, मागचा पडलेला गडगा बांधून काढायचा, गुरं आत येतात. तेव्हा मात्र सेक्रेटरी चटकन म्हणाले, तो राहू द्या. कोणी कारण विचारलं नाही, ठराव तसाच लिहिला गेला. मला त्या माणसाची कीव आली, मायाही आली, आणि खरं सांगतो, धरून हलवावंसंही वाटलं. पडका गडगा ठेवायला ते तयार होते, दार द्यायला नव्हते.

मी होतो तोवर कापणीचा सण दसऱ्यानंतरच्या रविवारीच होत राहिला. मंडळी बाजारातली फळं आणायची, मी उपकारस्तुतीवर बोलायचो. मागच्या खोलीतून घावण्यांचा वास देवळात यायचा. सबंध आवारात ज्याने खरंच कापणी केली होती तो एकटा माणूस तिथे बहिणीसमोर बसून जेवत असायचा, आमच्याकडे पाठ करून.