छायाचित्र : मी नव्हे

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कसा असेल? लहानपणी आमच्या गल्लीत जी दोन भुतं दिसली होती, त्यातलं एक मीच होतो — आईचं पांढरं लुगडं गुंडाळून. दुसरं दिगंबर. तेव्हा हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. राग आलाय म्हणून लिहितोय, आणि तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नाशिकला बँकेत कारकून आणि दिगंबरचा मेन रोडला फोटो स्टुडिओ. पोट लग्नाच्या फोटोंवर, पण जीव एकाच गोष्टीत अडकलेला — जंगलातल्या बिबट्याचा फोटो. सुट्टी आली की ओळखीच्याची जीप मागायची आणि पेठच्या बाजूला निघायचं. या प्रकाराला आम्ही ऐटीत ‘सफारी’ म्हणायचो. वर्षानुवर्षांच्या सफारीत मोरापलीकडे काही दिसलं नव्हतं. मी सोबत जायचो ते डोंगरदऱ्या टिपायला.

“डोंगर काय पळून चाललाय का रे?” तो चिडवायचा.

“म्हणूनच काढतो. तुझा बिबट्या थांबतो का पोज देऊन?”

त्या हिवाळ्यात करंजाळी गावाच्या पुढे आत वळलो. वाट दाखवायला गावातला लक्ष्मण होता. एका कड्याच्या पायथ्याशी जीप लावली. कडा म्हणजे सरळसोट भिंत. दिगंबर ओढ्याकडे कॅमेरा रोखून बसला.

“वाघ आहे का इथं?” मी लक्ष्मणला विचारलं. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

“हाय ना. पण तुमी दोघं अशे बोलत ऱ्हायले तर तो कशाला येल, सायेब?”

दिगंबरने मला तिथून हाकललं. मी वळणापलीकडे जाऊन दरीचे फोटो काढत बसलो. धुकं, वाळलेलं गवत, रिकामी खाचरं... रोल संपवूनच परतलो. तेव्हा दोघं चहा पीत होते. बिबट्या अर्थातच आला नव्हता.

घरी कॅमेरा उघडला आणि कपाळाला हात लावला. रोलची जीभ, म्हणजे पुढचं टोक, कॅमेऱ्यातल्या फिरत्या स्पूलमध्ये अडकलीच नव्हती! दिवसभर मी बटण दाबत होतो, आकडा पुढे सरकत होता आणि रोल मात्र जागचा हललेला नव्हता. अख्खी दरी त्या जिभेच्या टोकावर, एकावर एक. बाकी रोल कोरा.

हे सांगितलं असतं तर दिगंबर जन्मभर हसला असता. म्हणून रोल वापरलेला वाटावा अशी जीभ आत सारली आणि तो त्यालाच धुवायला दिला. “झकास आलेत, सांभाळून धू.” कोरा निघाला की खापर त्याच्या केमिकलवर फोडायचं, असा माझा थोर बेत.

पुढच्या आठवड्यात त्याने बोलावलं. टेबलावर प्रिंट्स मांडलेल्या. दरी एकाही फोटोत नव्हती. सगळे फोटो कड्यावरून, खाली बघत काढलेले. जीप, लक्ष्मण, पाठमोरा दिगंबर. आणि त्याच्या मागच्या खडकांत बिबट्या. प्रत्येक फोटोत थोडा जवळ. शेवटच्यात दिगंबर थर्मासमधून चहा ओततोय आणि बिबट्या त्याच्यापासून एका उडीवर, अंग आवळून बसलेला.

“तिघं गेलो होतो,” दिगंबर म्हणाला. “फोटोत दोघंच आहेत. तिसरा कुठे होता?”

“दिग्या, रोल कोरा होता रे. लोडच झाला नव्हता...”

“हो ना. आणि गल्लीतलं ते भूतही तू नव्हतास.”

“आईशपथ सांगतो —”

“मी मेलो असतो. तू वर बसून बघत होतास. रोल संपेपर्यंत फोटो काढलेस, पण एक हाक मारली नाहीस.”

मीही भडकलो. तिसरा जिना चढताना मला धाप लागते, मी तो कडा चढेन? तरी साक्षीला म्हणून त्यातली एक प्रिंट घेऊन एसटीने लक्ष्मणकडे गेलो. ती बघून तो म्हणाला, “त्या कड्यावर माकड पण नाय जात. तुमी कवा चढले, सायेब?” म्हणजे फोटो मीच काढले, हे त्याचंही ठरलेलंच!

ज्याच्यासोबत चड्डीत असल्यापासून हुंदडलो, त्याला वाटतं मी त्याला मरू दिलं असतं. एका फोटोसाठी! मला तर बिबट्याचं काही कौतुकही नव्हतं.

त्याने पुढे काय करावं? तो शेवटचा फोटो भिंतीएवढा मोठा करून स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावला. खाली ठळक अक्षरांत ‘छायाचित्र :’ आणि पुढे माझं नाव. रस्त्यात लोक अभिनंदन करायला लागले. बँकेत मॅनेजरने पेढे मागितले.

मी तणतणत स्टुडिओत गेलो. गिऱ्हाईक बसलेलं होतं, तरी ओरडलो.

“नाव काढ माझं. तो फोटो मी काढलेला नाही.”

दिगंबरने ड्रॉवरमधून ब्रश काढला, काळ्या रंगाची बाटली उघडली आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं.

“घे. खोड तुझं नाव. आणि ज्याने काढला त्याचं लिही.”

मी ब्रश हातात घेऊन त्या काचेपुढे कितीतरी वेळ उभा राहिलो. मग तसाच खाली ठेवला.

फोटो अजून तिथेच आहे, माझ्या नावासकट. दिगंबर माझ्याशी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणाला दुसरं नाव सुचलं तर त्याला जाऊन सांगा. मला सांगू नका.