मोराचे पत्ते बघायला कोण आलं होतं?

या सदरातले गूढ अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, "लोकांना वेळ फार आहे." माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. घरातला दिवा अचानक गेला तर आम्ही आधी फ्यूज बघायचो, मग शेजारच्या घरात लाइट आहे का ते. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... खरं सांगायचं तर घडलेल्या गोष्टीचा संकोच कमी आणि माझ्या वागण्याची लाज जास्त. एक सांगायचं तर दुसरं लपवता येत नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

मी सोलापूरला शुक्रवार पेठेत राहतो. वय त्रेपन्न. घराची पुढची खोली हीच माझी वखार. बंद पडलेल्या कारखान्यांतलं जुनं सामान घ्यायचं – कंदील, तराजू, मागाचे लाकडी भाग – आणि लिलावाच्या साइटवर टाकायचं. आठ दिवस बोली चालते, मग माल कुरियरनं जातो. पुण्या-बेंगळुरूचे लोक तो शोभेला लावतात.

आम्हा विक्रेत्यांचा एक ग्रुप आहे. तिथं दर महिन्याला एक वाद पेटतो – गिऱ्हाइकाला माल न्यायला घरी येऊ द्यावं की नाही? कुणी म्हणतं, येऊ द्या, मोडतोड होत नाही, विश्वास बसतो. कुणी म्हणतं, अनोळखी माणूस घरात घेऊ नका. "येऊ देऊ नका" म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा. सुरक्षितता, वेळ, घासाघीस, सगळी कारणं मला पाठ होती. खरं कारण मी कधीच लिहिलं नाही. फोटोत मी दाखवीन तेवढंच दिसतं. प्रत्यक्ष आलेला माणूस वस्तू उलटी करून बघतो.

गेल्या उन्हाळ्यात एका बंद कारखान्यातून मला जकार्डच्या पत्त्यांचा संच मिळाला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – चादरीवर मोर, वेल, फुलं उमटतात ती या पत्त्यांमुळे. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, त्यांना भोकं, आणि शेकडो पट्ट्या दोरीनं एकापुढे एक ओवलेल्या. एक पत्ता म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. कुठलं भोक आहे आणि कुठलं नाही, त्यावर कुठले उभे धागे उचलायचे ते ठरतं. हा संच मोराचा होता. बाराशेच्या वर पत्ते, हाताळून हाताळून पिवळे पडलेले.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कॅफेवाल्यानं भिंतीवर लावायला तीन लहान माळा मागितल्या. मी मोराच्या संचातून मधलेच सव्वाशेएक पत्ते कापले आणि त्यांच्या तीन माळा केल्या. कडेला लिहिलेले जुने क्रमाचे आकडे घाण दिसत होते, तेही कातरून टाकले. संचात पडलेल्या खिंडारात दुसऱ्याच कुठल्या तरी डिझाइनचे तेवढे पत्ते ओवले. गुंडाळल्यावर काही कळत नव्हतं. साइटवर लिहिलं – "पूर्ण संच. प्रत्यक्ष येऊन नेता येणार नाही." शोभेलाच तर जाणार होता. असं मी स्वतःला सांगितलं.

बोली जिंकली पद्मा नावाच्या बाईंनी. राहायला भिवंडीला, पण माहेर सोलापूरचं, पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं. त्यांचा फोन आला.

"काका, माझा भाऊ श्रीनिवास तिथंच राहतो. तो येऊन उघडून बघेल आणि घेऊन जाईल. चालेल की?"

"पिकअप नाही, ताई. भावाच्या पत्त्यावर कुरियरनंच पाठवतो."

"अहो, सोलापुरातनं सोलापुरात कुरियर?" त्या हसल्या. मग आवाज बदलला. "हे पत्ते माझ्या नान्नांनी ठोकलेत, काका. आमच्या वडिलांनी. चाळीस वर्षं त्या कारखान्यात हेच केलं त्यांनी. आता तीन वर्षं झाली, लकवा मारलाय. बोलणं नाही, उजवा हात नाही. भावाकडं एकच माग उरलाय, तोही महिनाअखेर भंगारात चाललाय. त्याच्या आत नान्नांच्या मोराची एक चादर विणायचीय. त्यांच्या अंगावर घालायला. म्हणून विचारते, पूर्ण हाय ना सगळं?"

खरं सांगायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. तिन्ही माळा आतल्या खोलीत बांधून तयार होत्या, अजून पुण्याला गेल्याही नव्हत्या.

"पूर्ण आहे," मी म्हणालो.

बायको भाजी निवडत ऐकत होती. "तीन किलोमीटरवर कुरियर! उद्या मला स्वयंपाकघरातनं चहा पण पार्सलनं मागवा," ती म्हणाली. मी खोक्याचं माप घ्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी खोकं भरत होतो. वीज गेलेली. उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा, अंगानं शिडशिडीत, ताठ.

"ते मोराचे पत्ते हितंच की? बगायला आलो."

माझं डोकं फिरलं. नको म्हटलं तरी बाईंनी माणूस पाठवलाच! मी म्हणालो, "मी ताईंना स्पष्ट सांगितलंय, बघायला कुणी यायचं नाही."

"व्हय, सांगितलासा की," ते शांतपणे म्हणाले आणि चपला काढून आत येऊन खाली बसलेसुद्धा. "बगितल्याबिगर माल घ्यायची सवय न्हाय आमाला. तुमी करा तुमचं काम."

त्यांनी खोक्यातनं संच ओढला, दोरी सोडली आणि पत्ते मांडीवरून पुढं सरकवायला लागले. डोळे मिटलेले. बोटं मात्र प्रत्येक भोकावरून जात होती, आणि तोंडातल्या तोंडात चाललं होतं – "उचल, उचल, सोड... उचल, सोड, सोड..." मी हातातली चिकटपट्टी तशीच धरून बघत राहिलो. आजवर त्या वस्तूकडं मी पुठ्ठा म्हणूनच बघितलं होतं. हा माणूस त्यात मोर बघत होता.

"हितनं काठ संपला... आता पाय आलं बगा मोराचं. मोराचं पाय लई कुरूप असत्यात, पर मी बारीक काढलो. मालक म्हनले, मल्लेशम, पाय कशाला, पिसारा मोठा कर. मी म्हनलं, पायाबिगर हुबा कसा ऱ्हाईल त्यो?" ते स्वतःशीच हसले. "ही छाती... गळ्याला सुरुवात..."

बोटं थांबली.

मागं गेली, पुढं आली, परत मागं. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो.

"ही माजी न्हाईत."

मी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.

"ही चौकटीची बॉर्डर हाय कुनाची तरी. चांगली हाय, पर माजी न्हाय. मान कुटं हाय, सावकार? बिनमानेचा मोर नाचंल व्हय?"

मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि तिन्ही माळा आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. "मीच कापलं," म्हणालो. "आकडे पण कातरले. आता कुठली माळ आधी, कुठली नंतर, सुलटी कुठली... मला काही माहीत नाही."

"मला हाय की," ते म्हणाले.

त्यांनी कात्री आणि दोरी मागून घेतली. पुढचे दीड-दोन तास मी जे बघितलं तसं काम आयुष्यात बघितलेलं नाही. एकेका माळेवरून बोटं फिरवायची, एक उलटी करायची, एक बाजूला ठेवायची. मधले चार पत्ते मी शोभेसाठी मागेपुढे केले होते, ते त्यांनी वर न बघता काढून जागच्या जागी घातले. दोरी ओवताना एकही झटका नाही, घाई नाही. प्रत्येक जोडाला एक छोटी, चपटी गाठ, पत्त्यावर अजिबात न उठणारी. मी विचारलं, अशी का? म्हणाले, "गाठ वर आली की यंत्र अडतंय. आपली गाठ कुनाला दिसली न्हाय पायजे."

बायकोनं चहा आणला. "घ्या मामा," म्हणाली. त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि तिला विचारलं, "माहेर कुटलं, बाई?" तिनं अक्कलकोट सांगितल्यावर तिच्याशी दोन वाक्यं कानडीत बोलले. ती खूश.

काम संपल्यावर त्यांनी जोडलेल्या जागेवरून एकदा तळवा फिरवला. "सरे," म्हणाले – तेलुगूत 'ठीक आहे'. मी म्हणालो, "मला माफ करा." ते चपला घालत होते. म्हणाले, "तुमी आत जाऊन आनलासा न्हवं का? न आनून काय केलो असतो मी?" आणि उन्हात निघून गेले.

मी लगेच पद्माताईंना फोन लावला. "वडिलांना पाठवायचं होतं तर आधी सांगायचं ना, ताई. एवढ्या उन्हात..."

त्यांचा आवाज एकदम कडक झाला – "काका, मी काल सांगितलं तुम्हाला. नान्ना तीन वर्षं अंथरुणात आहेत. ही कसली चेष्टा?"

मी नाव सांगितलं. मल्लेशम. मालकाबरोबरचा मोराच्या पायाचा संवाद सांगितला. त्या रडायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी मला सांगितलेली नव्हती. आणि माझ्या घराचा पत्ता साइटवर नाही, त्यांच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. हे माझ्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं.

कुरियरवाल्याला नको सांगितलं. खोकं रिक्षात घातलं आणि बायकोला घेऊन पूर्व भागात गेलो. सहा वाजले असतील. श्रीनिवास दारात आला. मागच्या खोलीत खाटेवर ते झोपलेले. तोच चेहरा. पण तोंड एका बाजूला ओढलेलं, गाल बसलेले, उजवा हात छातीशी पक्ष्याच्या पंजासारखा आखडलेला. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"अगंबाई... हेच की," एवढंच ती म्हणाली.

सूनबाईंनी आपणहून सांगितलं, "आज दुपारी मामंजी दोन ते चार गाढ झोपले. हाक मारली तरी उठेनात. मी घाबरले. पण बोटं चालू होती हो त्यांची... उजव्या हाताची. चादरीवर. तीन वर्षांत पहिल्यांदा. ह्यांना बोलवून दाखवलं मी."

श्रीनिवासनं मान डोलावली. "बघितलं मी. डॉक्टर म्हणतात, झोपेत स्नायू उडतात कधी कधी."

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. कापलं कसं, भरलं काय, दुपारी कोण येऊन जोडून गेलं, आणि विचारल्यावर खोटं बोललो ते. श्रीनिवासचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मागावर चढवल्यावर कळलं असतं आम्हाला? आणि मग माग गेल्यावर काय करणार होतो आम्ही?" मी मान खाली घातली.

म्हाताऱ्यांनी डावा हात उचलला. सूनबाईला कळलं. तिनं पत्ते त्यांच्या अंगाशी नेले. डाव्या हाताची बोटं हळूहळू सरकत गळ्यापाशी आली, एका जोडावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. श्रीनिवासनं वाकून गाठ बघितली आणि तो खाली बसला. "ही गाठ..." म्हणाला, "ही मला पण येत नाही. शिक म्हणून किती मागं लागायचे."

मी त्यांच्या डोळ्यांत ओळख शोधत होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं कुणाही पाहुण्याकडं बघतात. काहीच नाही.

चादर महिनाअखेरीच्या चार दिवस आधी उतरली. पद्माताई भिवंडीहून आल्या होत्या. मोराची मान अशी काही वळलेली होती की शेजारच्या बायका बघायला आल्या. ती त्यांच्या अंगावर घातली, आणि दुसऱ्या आठवड्यात माग तोडून नेला. मल्लेशम आजही आहेत, तसेच, अंथरुणात.

काय घडलं, मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते हसले. बायकोला विचारलं तर ती म्हणते, माझ्याशी कानडीत बोलून चहा घेतलेला माणूस मी ओळखीन, खाटेवर तेच होते. एवढंच. श्रीनिवासनं मात्र त्याच्यापुरता खुलासा शोधलाय. त्याचं म्हणणं, "काका, तुम्हाला पश्चात्ताप झाला, तुम्हीच कुणा जुन्या कारागिराकडून जोडून घेतलं आणि नान्नांचं नाव केलंत. मन मोठं आहे तुमचं." तो हे सगळ्यांना सांगतो. पूर्व भागात आता मला नमस्कार करणारी माणसं आहेत. परवा एकानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी दर वेळी सांगतो की मी काही केलेलं नाही, मी फक्त कापलं होतं. ते म्हणतात, बघा, किती नम्र आहेत. म्हणून हे इथं लिहून ठेवतोय, निदान कुठंतरी खरं राहावं. ते काम माझं नाही. मी समोर बसून बघत होतो.