मांडावरची माझी नक्कल

मी कसा चालतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही फोनवर.

आमच्या पेडण्याकडच्या वाड्यात पौष महिन्यात बायकांचे धालो होतात. जेवणखाण आटपून बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे सारवून, दिवा लावून ठेवलेलं ते ठरलेलं अंगण. तिथे एकमेकींच्या कमरेला हात घालून, समोरासमोर दोन रांगा करून त्या गातात आणि झुलतात. चपला मांडाबाहेर ठेवायच्या आणि पुरुषांनी त्याहून लांब राहायचं, असा रिवाज. शेवटच्या दिवशी सोंगं असतात. नवऱ्याचे, दिराचे, सासऱ्याचे कपडे चढवून बायका ज्याची त्याची नक्कल करतात. आम्ही पुरुष तेव्हा घरात बसून जनेलातून, म्हणजे खिडकीतून, येणारं हसणं ऐकत असतो, आणि हे आपल्यावर नसावं अशी समजूत करून घेतो. माझ्या आजोबांचीही तीच समजूत होती.

एका वर्षी म्हापशाला दिलेली वाड्यातली एक लेक धालोंना माहेरी आली होती. तिने गंमत म्हणून फोनवर सोंगांचं चित्रण केलं आणि चार मैत्रिणींना पाठवलं. दोन दिवसांत ते चित्रण माझ्या मेव्हण्याकडून माझ्याकडे आलं, खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावून.

त्यात माझा खाकी शर्ट होता. शर्टाच्या आत माझी बायको होती, आणि बायकोच्या आत मी होतो. पोट पुढे, मान मागे. फोन हातभर लांब धरून वाचणं. भिंतीला उद्देशून "च्या झाली गो?" असं विचारणं आणि उत्तर यायच्या आत पुन्हा विचारणं. इथवर मी स्वतःला ओळखलं, थोडा हसलोही. मग ती एका दगडावर बसली, कुठेतरी लांब बघू लागली, आणि तिचा डावा हात आपोआप हलायला लागला. पहिला गियर, दुसरा, चढाव आला म्हणून परत पहिला. डावा पाय क्लच दाबत होता. मांडावरच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

मी डिचोलीच्या खाणींवरून खनिजाचा ट्रक चालवायचो. स्वतःचा ट्रक. माल धक्क्यावर ओतायचा, तिथून बार्जमधून तो मुरगावला जायचा. खाणी बंद झाल्या तेव्हापासून ट्रक अंगणात फणसाखाली उभा आहे आणि त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. मी सोप्यावर बसतो. बसल्या बसल्या माझा हात गियर टाकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

बायको दाराआड उभी होती. मी फोन खाली ठेवल्यावर म्हणाली, "राग आला?"

"राग कसला? पण डावा पायसुद्धा?"

"झोपेतसुद्धा," ती म्हणाली. "थंडीच्या दिवसांत पांघरूण तुमच्या क्लचात जातं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पदेराने सायकल थांबवून विचारलं, "काय पात्रांव, आज खंयच्या गियरात?" मी त्याला न्यूट्रल म्हणून सांगितलं. तेही खरंच होतं.

वाड्यात मात्र प्रकरण तापलं. मांडावर दिवा लावणारी आणि पहिलं गाणं उचलणारी आमची मोठी काकी आहे. तिने त्या म्हापशाच्या पोरीला सगळ्यांसमोर झाडलं, "मांडावरचा मांडावर ठेवूचा. तुका कोणी शिकवूक नाय?" पोरगी रडली. माझ्या बायकोला कोणी काही बोललं नाही. तिने नक्कल केली होती, आणि नक्कल करणं हे त्या दिवसाचं कामच.

बायको मूळची सिंधुदुर्गातली, तेरेखोल नदीच्या पलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या वाड्यात तिला कोणी तोंड उघडू दिलं नव्हतं. आमच्या आईसमोर तर मीही तोंड उघडत नसे. पहिली काही वर्षं ती धालोंच्या रांगेत टोकाला उभी राहायची. एका पौषात तिने काकीचीच नक्कल केली, खुद्द काकीसमोर. आणि काकी हसता हसता मांडावर बसली. तेव्हापासून बायकोची रांगेतली जागा मधली झाली. वर्षभर घरात हळू बोलणारी ही बाई त्या आठवड्यात वेगळ्याच पावलांनी चालायची. मी हे बघितलं होतं. त्याचा अर्थ मला लागला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तर लोकांना ती नक्कल आवडली आणि आणखी हवी झाली. पणजीला नोकरीला असलेल्या आमच्या लेकीने फोनवरूनच आम्हांला चित्रणं टाकायचं खातं उघडून दिलं. तिने समजावलं ते असं: पाहणारे पुरेसे झाले आणि लोकांनी ठरावीक तास आपलं बघितलं, की कंपनी आपल्या चित्रणावर जाहिराती लावते आणि त्यातला वाटा आपल्या बँकेत टाकते. पत्ता खरा आहे की नाही हे बघायला त्यांनी पोस्टाने एक आकडा पाठवला. पोस्टमनने तो लखोटा आणताना विचारलं, "परदेशात नोकरी लागली काय?"

पहिले पैसे आले तेव्हा बँकेतल्या माणसानेही तेच विचारलं, "हे बाहेरून कोण पाठवतं?"

"बायको," मी म्हटलं.

"मिसेस बाहेर असतात?"

"नाही, तुळशीकडे."

तुळशीसमोरचं अंगण हा तिचा रंगमंच आणि मागे उभा गंजका ट्रक हा पडदा. फोन मी धरायचो. ट्रक चालवलेल्या माणसाचा हात स्थिर असतो, अशी माझी ख्याती झाली होती. ती मीच पसरवली होती. अडचण एकच. ती माझ्यासारखी शिंकली, माझ्यासारखी कपाळावरचाच चष्मा हरवला म्हणून शोधू लागली, की मला हसू फुटायचं आणि ते चित्रणात यायचं. म्हणून मी खांद्यावरचा पंचा दातांत धरायचो. एकेका चित्रणाला पंच्याचं टोक भिजून जायचं.

त्या पैशांतून विजेचं बिल गेलं, शीतकपाट दुरुस्त झालं, माझे दात झाले. म्हणजे बायको माझी टिंगल करून मला पोसत होती. सोप्यावर आलेल्या पाहुण्यांना मी हे अभिमानाने सांगायचो. हसायचे सगळे. मी आधी हसायचो, म्हणजे त्यांना बरं पडे.

पण हा धंदा ट्रकासारखा नाही. ट्रक उभा राहिला तर निदान डिझेल वाचतं. इथे आठवडाभर काही टाकलं नाही की आलेख खाली येतो, आणि खाली आलेला वर न्यायला दुप्पट जोर लावावा लागतो. त्यात माणूस म्हणून मी फार छोटा निघालो. माझं चालणं, खाणं, घोरणं, देवापुढे बसून खोबऱ्याकडे बघणं, सगळं वर्षाच्या आत संपलं. लोक लिहायला लागले, काकांचं पुरे, आता दुसरं कोणी करा.

बायकोने दुसरं कोणी केलं. आधी लग्नाला निघताना चार वेळा परत येऊन गॅस बंद आहे ना बघणारी बाई. मग पदेराशी भांडून शेवटी त्याच्याकडेच पाण्याची कळशी उचलायला मदत मागणारी बाई. नावं कुणाची घेत नव्हती. पण आमच्या वाड्यात चाल बघून माणूस ओळखतात, नाव नंतर लागतं.

आणि मग तिने मयताला रडणारी बाई केली. तोंडावर पदर, हुंदका मोठा, आणि बोटांच्या फटीतून कोण कोण आलंय ते बघणं; एखादं मोठं माणूस दिसलं की हुंदका आणखी वर. ही आमची शेजारीण. मांडावर बायकोने हीच नक्कल पूर्वी केली होती, आणि तेव्हा सगळ्यांत जास्त हसली ती शेजारीणच. "गो मेल्ये, मी अशी रडतंय?" म्हणून तिने बायकोच्या पाठीत धपाटा घातला होता.

अंगणातलं चित्रण खात्यावर गेलं तेव्हा शेजारणीचा भाऊ वारून थोडेच दिवस झाले होते. आम्हांला ते आठवलं नाही असं नाही. ती नक्कल जुनी, मयत वेगळं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. त्या चित्रणाने ट्रक भरभरून पैसे दिले. तिच्या भावजयीच्या माहेरापर्यंत ते पोचलं. पुढच्या विधीला शेजारीण भावाच्या घरी गेली तर पोरंटोरं तिच्या बोटांकडे बघत होती म्हणे. ती रडलीच नाही. मग लोक म्हणाले, बघा, बहीण असून डोळ्यांत पाणी नाही.

हे आम्हांला काकीकडून कळलं. शेजारीण स्वतः काही बोलली नाही. फक्त आमच्या परसातला कढीपत्ता न्यायची, तो बाजारातून आणायला लागली.

"काढून टाका ते," बायको म्हणाली. मी काढलं. तोवर कुठल्या कुठल्या लोकांनी ते उचलून आपापल्या खात्यावर टाकलं होतं, आणि कुणी त्याला गाणंही जोडलं होतं. आमची कमाई बंद झाली, रडणारी बाई चालूच राहिली. आम्ही काढल्याचं शेजारणीला कळलंसुद्धा नसेल. सांगायला बायको तिच्या दारात दोनदा गेली. दोन्ही वेळा ती न्हात होती.

पुन्हा पौष आला. बायकोने फोन माझ्या हातात दिला, म्हणाली, "हा तुमच्याकडेच ठेवा. उगाच कुणाला शंका नको." आणि गेली. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

"गायलो," ती म्हणाली. मग म्हणाली, "चपला काढत होते तर काकी जवळ आली. म्हणाली, 'फोन घरात ठेवलंस, बरा केलंस. डोळे खंय ठेवतलंस?'"

"रागाने म्हणाली?"

"नाही हो. रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते."

रांगेत तिला जागा मिळत होती. मधलीच. दोन्ही बाजूंनी कमरेला हातही पडत होते, पण ते कसे, हे तिने मला माझ्याच कमरेला हात लावून दाखवलं. तापलेल्या भांड्याला लावतात तसे.

शेवटच्या दिवशी तिने माझा खाकी शर्ट, टोपी आणि जुना चष्मा पिशवीत भरला. मी म्हटलं, "माझी कर. मला काय, मी सवयीचा आहे."

ती फार लवकर परत आली. मी सोप्यावरच होतो. तिने पिशवी खुंटीला लावली, तशीच भरलेली.

"सोंगं?"

"यंदा नाहीत. थंडी आहे म्हणाल्या. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचं पोर रडत होतं. काकीने दिवा मालवला, सगळ्या उठल्या. मीही उठले."

पाय धुवायला ती मागीलदारी गेली. तांब्यातलं पाणी तिने एका पायावर ओतलं, आणि तेवढ्यात मांडाकडून हसणं आलं. एकदम, सगळ्यांचं, धरून ठेवलेलं सोडावं तसं. मग क्षणभर शांत, आणि परत.

ती एक पाय ओला, एक कोरडा, अशी उभी राहिली. मी दारात येऊन म्हटलं, "दुसरंच काहीतरी असेल." मी खोटं बोलायला लागलो की माझा आवाज बारीक होतो, हेही मला तिच्या नकलेतूनच कळलेलं.

तिने हसणाऱ्या एकेकीला ओळखून दाखवलं. ही काकी. ही वरच्या घरातली. ही, खोकत हसते ती. मग एक लांब, चढत जाणारं हसू आलं, आणि ती म्हणाली, "ही शेजारीण." ते सांगताना तिला बरं वाटलेलं दिसलं.

"नक्कल कुणाची चाललीय?" मी नको ते विचारलं.

"माझी असेल," ती म्हणाली. थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली. "मी कशी दिसत असेन हो?"

मला ठाऊक होतं. फोन लावला की ती आधी पदर खोचते, मग फोनच्या काळ्या काचेत आपला चेहरा बघते, आणि हसते. आणि मी 'हं' म्हटलं की ते हसू पुसून कामाला लागते. मी सांगितलं नाही. तिने दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

सकाळी ती म्हणाली, "आज काहीतरी टाकायला हवं. आठवडा झाला." पिशवीतला शर्ट तिने काढला, झटकला, घातला. मी फोन धरला, पंचा दातांत धरला. ती तुळशीसमोर दगडावर बसली. लांब बघू लागली. हात हलला, पहिला गियर, दुसरा. सगळं बरोबर होतं. मग हात तिथेच थांबला. ती फोनकडे बघत नव्हती. माझ्या मागे, जिथे कोणी नव्हतं तिथे बघत होती.

"हसा ना कोणीतरी," ती म्हणाली.

पंचा कोरडाच होता. मी तो काढला आणि हसलो. मोठ्याने, पोटापासून, मांडावरच्या सगळ्या बायकांचं मिळून होईल एवढं हसायचा प्रयत्न केला. कोंबडी ट्रकातून उडाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, चढाव चढली, आणि नक्कल पुरी केली.

माझं हसणं मी कापणार होतो. ती म्हणाली, राहू दे. लोकांना ते आवडलं. कॅमेऱ्यामागचे काका किती मनापासून हसतात, असं कुणीतरी लिहिलं, आणि त्याखाली पुष्कळांनी मान डोलावली. आलेख वर गेला. तेव्हापासून प्रत्येक चित्रणात मी हसतो. ती दगडावर बसली, की आधी थांबते, माझं ऐकते, मग सुरू करते. सोप्यावर बसल्या बसल्या मी त्याचा सराव करतो. हात आता हलत नाही.