फिल्मच्या गावात क्रीम मिळालं

जपानविषयी माझी एकच गंभीर तक्रार आहे. ओनिगिरी, म्हणजे दुकानात मिळणारा भाताचा त्रिकोणी गोळा, ज्या वेष्टनात बांधतात त्याबद्दल. वर एक, दोन, तीन असे आकडे. त्याच क्रमाने प्लास्टिक सोडवायचं. माझ्या मुंजीत इतके विधी नव्हते. इतकी वर्षं इथे राहूनही बाहेरचं नोरी नावाचं कुरकुरीत समुद्री पान माझ्या हातून फाटतंच. परवा शनिवारी टोकियोत शिंजुकू स्टेशनच्या फलाटावर फाटलं, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी सौजन्याने दुसरीकडे पाहिलं.

निघालो होतो हाकोनेच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या गावी. पुण्याच्या ज्या पुरवणीत मी इथून दर आठवड्याला पत्र लिहितो, तिच्या तरुण संपादिकेचा निरोप आला होता: "सर, छापील पुरवणी बंद होतेय. पत्राऐवजी एक-एक मिनिटाचे व्हिडिओ कराल? सोमवारी सांगा प्लीज." धंदा बुडत असताना रूप पालटून तगलेल्यांचं गाव पाहिलं तर उत्तर सुचेल, असं वाटलं. बायको संशोधनासाठी दूर उत्तरेला, सेंदाईच्या विद्यापीठात. प्रयोग अर्धा टाकून येणं शक्य नव्हतं. मुलीला विचारलं, तर फोनमधून मान न काढता "बाइतो" एवढंच म्हणाली. म्हणजे अर्धवेळ नोकरी. एकूण, शिष्टमंडळ एकट्याचं.

जाणाऱ्यांसाठी: शिंजुकूहून ओदावाराची जलद गाडी घ्या, दीड तास धरा. पुढे तीन डब्यांची छोटी गाडी लोकांच्या परसांमधून, वाळत घातलेल्या कपड्यांना जवळजवळ खेटून जाते. रेल्वेचं कार्ड दोन्ही गाड्यांना चालतं. डावीकडे बसा, डोंगर दिसतो. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. पिशवीला मात्र खिडकी मिळाली.

शेवटच्या स्टेशनवर केतकी आली होती. सोलापूरची, रसायनाची संशोधक, इथल्याच एका प्रयोगशाळेत. ओळख टोकियोजवळच्या उरायासूत मराठी मंडळी बसवतात त्या गणपतीतली.

"काका, एकटेच? काकूंनी हाकललं वाटतं!"

"त्यासाठी काकू घरी असाव्या लागतात."

तिने लांबून कारखाना दाखवला. फिल्मला धूळ चालत नाही आणि पाणी भरपूर लागतं, म्हणून डोंगराखालची ही जागा निवडली. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मचं गिऱ्हाईक बघता बघता संपलं. आठवण म्हणून एक रोल घ्यावा म्हटलं, तर औषधांच्या दुकानातल्या बाईंनी वाकून माफी मागितली. रोल नव्हता. तोंडाला लावायचं क्रीम होतं, त्याच कंपनीचं. तेच घेतलं.

"हसू नका," केतकी म्हणाली. "फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन म्हणजे कोलॅजन, तुमच्या कातडीतलंच. फोटो पिवळा पडू नये म्हणून जे शिकले, तेच चेहऱ्याला लावलं. औषधांतही गेले."

घट आणि मातीचा दाखला सतत देणाऱ्या आमच्या न्यायदर्शनाच्या गुरुजींना हे फार आवडलं असतं. घट फुटला, पण माती हातची सोडली नाही. मातीचं दुसरं काही केलं. हे मी केतकीला जरा लांबवूनच ऐकवलं.

"मग तुमची माती कुठली, काका?"

"मराठी," मी ऐटीत म्हणालो.

"मग करा की व्हिडिओ! घाबरता कशाला?"

तिला प्रयोगशाळेत परतायचं होतं. मी बसने वरच्या देवळात गेलो. उंच देवदार, ओल्या पायऱ्या, आणि लोखंडी खडावांचे प्रचंड जोड. खडाव एकटी उपयोगाची नाही, म्हणून इथे नवराबायकोने यावं म्हणतात. एका जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. चांगले तीन काढून दिले. मग ती दोघं खाली गेली आणि मी बसच्या वेळेपर्यंत खडावांसमोर बसून राहिलो.

फुनाबोरीला घरी पोचलो तेव्हा मुलगी नुकतीच कामावरून आली होती. क्रीम तिला दिलं, सगळी हकीकत सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं आणि जपानीत आभार मानले.

संपादिकेला 'हो' कळवतो आहे. कॅमेऱ्याची भीती मला नाही. हे लिहिताना त्या देवळाच्या पायऱ्यांवरचा हिरवा थर आठवला, आणि त्यासाठी मनात आधी 'कोके' हा जपानी शब्द आला. 'शेवाळ' आठवायला उठून घरभर एक फेरी मारावी लागली. विचारावं, तर घरात मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही. माझी माती संपत चालली आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते.