कडुलिंबाचा डहाळा अक्कानं लावला नव्हता

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतली तरुण पोरं चर्चच्या जुन्या वह्या नव्यानं उतरवून काढत होती. पानं ठिसूळ झालीत, कडा वाळवीनं खाल्ल्यात. त्यांतली एक मुलगी वही उघडीच धरून माझ्या बाजेपाशी आली.

"आजोबा, ही बाई कोण हो? हिनं देवीची पूजा केली म्हणून हिला प्रभुभोजनातून काढलं असं लिहिलंय. अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

मी म्हणालो, "डोळ्याला दिसेना गं. ठेव, बघू."

दिसत होतं. स्पष्ट दिसत होतं. ऐंशी ओलांडून गेलो तरी तोंडातून पहिलं खोटंच निघालं, याचा मलाच हादरा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसलो तो याचसाठी. वहीतली ती ओळ खोटी आहे. ती मी लिहिली. आणि लिहिताना ती खोटी आहे हे मला माहीत होतं.

ती बाई माझी चुलत बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिची आई ती रांगती असतानाच गेली, तेव्हा माझ्या आईनं तिला पदरात घेतलं. मला पहिला घास भरवला तो अक्कानं, असं आई सांगायची. पुढं तिचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा वारला, आणि कडेवर मुलगी घेऊन ती परत आमच्याच गल्लीत राहायला आली. आमचं गाव हुलसूरच्या अलीकडं, दोन कोसांवर. आजोबांच्या वेळेला आमच्या पंधरा-वीस घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. लगतच्या गल्लीतले आमचेच भाऊबंद पुढं बौद्ध झाले. मधे फक्त एक नाला.

म्हैसूर राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर लागलो होतो आणि मंडळीचा सेक्रेटरीही झालो होतो. चोवीस वर्षांचं वय, अंगात जोर, आणि आपण इतरांपेक्षा चांगले ख्रिस्ती आहोत अशी पक्की समजूत.

त्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. अक्काच्या मुलीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी अंगभर फोड उठले. सहा वर्षांची पोर. देवीची लस टोचणारा डॉक्टर आदल्या वर्षी येऊन गेला होता, तेव्हा ही पोर बापाच्या गावी, आजीकडं होती. गावात सगळे अशा घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचे, उंबऱ्याशी दिवा आणि दहीभात ठेवायचे, म्हणजे आलेली देवी शांत होऊन निघून जाईल. आमच्यात त्याला बंदी होती. ते करणं म्हणजे सोडून आलेल्या घराकडं तोंड फिरवणं.

सकाळी शाळेला निघालो, तर अक्काच्या दाराला डहाळा. खाली वाटीभर दहीभात आणि विझलेली पणती. मी दारातूनच परत फिरलो आणि सरळ पाळकसाहेबांकडं गेलो. आत जाऊन पोर कशी आहे हे विचारलंही नाही. हे मी आज लिहितो तेव्हा माझा विश्वास बसत नाही, पण तसंच घडलं.

संध्याकाळी घरी आलो. आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की अक्कानं असं असं केलं, पाळकसाहेबांच्या कानावर घातलंय, पंच बसतील. आईचा हात सुपातच थांबला.

"तिनं न्हाई केलं. म्या लावला."

मला वाटलं, तिला वाचवायला बोलतेय.

"तू?"

"व्हय. पहाटं लावला. पोरगी पडायच्या आदी तुझा ल्योक दिसभर तिच्यासंगं खेळत व्हता. मला भ्या वाटलं रे. पोरीला बरं वाटावं, अन् आपल्या घरी येऊ नये..." मग तिनं माझं मनगट धरलं. "सांगशील का पाळकाला? मला उठवतील भोजनावरून. मेल्यावर माझ्यासाठी घंटा बी वाजवनार न्हाईत."

मी काही बोललो नाही. सांगणार नाही असं मी कबूल केलं, असं तिनं धरलं, आणि मीही तसंच धरलं.

दोन दिवसांनी पोर गेली. तिचा बाप्तिस्मा झालेला होता म्हणून माती रीतसर झाली. आणि मातीच्या तिसऱ्या दिवशी पंच बसले. तिसऱ्या दिवशी! एवढी घाई कशाची होती, आजही मला कळत नाही. शहाबादी फरशीवर चटई टाकून पाळकसाहेब, तीन पंच आणि वही घेऊन मी. अक्का उभी.

"बाई, दाराला डहाळा कोणी लावला?"

"म्या न्हाई."

"मंग कोणी लावला?"

तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला.

आमच्यातले सगळ्यांत म्हातारे पंच, मनानं वाईट नव्हते, सवयीनं बोलून गेले, "लेकराची आण घिऊन सांग बरं, म्हंजी झालं."

बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. कोणाला वर बघवेना. अक्का मात्र बघत होती, आणि ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, भाऊ काहीतरी बोलेल म्हणून आशेनं बघतेय. मी मान खाली घातली आणि लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. तिच्या अंगठ्याला शाई मीच लावली.

पाळकसाहेबांनी सांगितलं, कोणत्याही रविवारी मंडळीसमोर 'माझं चुकलं' एवढं म्हण आणि परत आत ये. तिनं ते अकरा वर्षं म्हटलं नाही.

पण एकही रविवार तिनं चुकवला नाही. शेवटच्या चटईवर दाराशी बसायची. गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी एकाच भाकरीचे तुकडे घ्यायचे. मेजावरचा पांढरा कपडा काढला की ज्याला बंदी असेल त्यानं उठून बाहेर जायचं, अशी आमच्याकडची रीत. कपड्याला हात लागला की अक्का उठायची. पदर सारखा करून, कोणाच्या पायाला धक्का न लावता निघायची आणि बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहायची. ऊन असो, थंडी असो. नाल्यापलीकडचा माझा शाळेतला सोबती एकदा तिथून जाता जाता हे बघून गेला, आणि बाजारात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "काय मास्तर, तुमच्यात बी पंगतीतून उठवतेत व्हय? मंग गेलाव कामून तिकडं?" लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

पोर गेल्यावर पहिलं वर्ष अक्का खंगली. मला वाटलं, ही काही राहत नाही. मग हळूहळू ती उभी राहिली, आणि ती कशाच्या बळावर राहिली ते मला समजेना. दिवसभर खुरपायला जायची. कुठं कोणी तापानं पडलं, हगवण लागली, घरचेसुद्धा जवळ जाईनात, की अक्का तिथं. आमच्या गल्लीत, बौद्धांच्या गल्लीत, वरच्या अंगाला मेंढपाळ धनगरांच्या घरी. आजाऱ्याचं अंग पुसायची, पेज पाजायची, उशाशी बसून प्रार्थना करायची. "आमच्यासाठी नको करू प्रार्थना तुझ्या देवाला," असं एक म्हातारा धनगर म्हणाला, तर ही म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई अण्णा, मलाच झोप यायलीय, जागं ऱ्हायला करायले." म्हातारा आजारपणातही हसला म्हणतात.

आई शेवटी शेवटी फार थकली. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र काठी टेकत यायचीच. बाहेर पडताना तिची उजवी मूठ पदराखाली मिटलेली असायची. मला वाटायचं, हाताला संधिवात धरलाय. मी बिदरहून तेल आणून दिलं होतं चोळायला.

आई गेली तेव्हा घंटा वाजली. मी स्वतः दोर ओढला. तिला आंघोळ घातली ती अक्कानं. ती घालत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी अक्का आमच्यासाठी भाकरी आणि पिठलं घेऊन आली. बायको चुलीपाशी होती, मी ओसरीवर. अक्का शेजारी बसली आणि भाजी महाग झाली म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "आता तरी बोल रे मास्तर. आता ती न्हाई. कोनाला घाबरायलास?"

"कशाचं?"

"डहाळ्याचं. म्या जागीच होते पोरीपाशी. फटीतून बघत होते. रडत रडत बांधायली होती काकू. पंचांपुढं तू मान खाली घातलीस, तवाच कळलं तुला बी ठावं हाय."

अकरा वर्षं! पंचांपुढं ती माझ्याकडं बघत होती, ते तिला माहीत असून बघत होती. मी अंगठ्याला शाई लावत होतो तेव्हाही.

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? तिनं मला वाढवलं. ती बाहीर उभी ऱ्हायली असती तर मेली असती लाजंनं. मला जमलं." मग भाकरीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "पहिल्यांदा न्हाई जमलं. लई शिव्या दिल्या देवाला चिंचेखाली. तुला बी दिल्या. मंग एकदा काकू बाहीर आली अन् मूठ उघडली. तिच्या वाटणीची भाकर अर्धी खाल्ली होती, अर्धी मला आणली होती. बोलली काय न्हाई. म्या खाल्ली. दर बारीला आणायची."

संधिवात नव्हता.

"रागानं खायचे पहिलं. मंग कधी राग गेला कळलं न्हाई. मला वाटाय लागलं, येशू बी आत बसून कटाळला असंल, बाहीरच उभा असंल आपल्यासंगं. पोरगी गेल्यावर त्यानंच उभं केलं मला. तुमी न्हाई." आणि मग माझ्या गुडघ्यावर थापटी मारून, "पर तुझं काय? तुला कोण आणून द्यायलं अर्धी भाकर?"

तिनं आणलेली भाकरी मी तशीच झाकून ठेवली.

पुढच्या भोजनाच्या रविवारी बोलायचं ठरवलं. बायकोला सांगून ठेवलं की मंडळी काढून टाकेल, कदाचित बदली मागून गाव सोडावं लागेल. ती म्हणाली, "काढू द्या. तुमी जेवत न्हाईत आठ दिस झाले, ते आधी संपू द्या."

वहीतली ओळ का खोडली नाही तेही सांगून टाकतो. त्या रविवारनंतर पंच म्हणाले, मेलेल्या बाईचं नाव वहीत नको. अक्काही तेच म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. आईची लाज राखतो असं दाखवलं, पण ओळ खोडली असती तर शेजारी खोटं लिहिणाऱ्याचं नाव लिहावं लागलं असतं. आता अक्काही नाही, आणि तिला न बघितलेली पोरं तिचं नाव वाचून विचारतात, ही कोण. म्हणून आज लिहितो.

त्या रविवारी नव्या पाळकसाहेबांनी मेजावरचा पांढरा कपडा उचलला. अक्का सवयीनं उठली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, थांब." मग मंडळीकडं वळलो. "तिनं पूजा केली नव्हती. डहाळा माझ्या आईनं लावला होता. पंच बसायच्या आधी मला ठावं होतं. म्या लपवलं, अन् खोटं लिवलं."

ते म्हातारे पंच आता जवळजवळ बहिरे झाले होते. "काय म्हनला? काय म्हनला?" असं ते विचारत राहिले. शेजारच्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं, शब्दाला शब्द सगळं सांगितलं. माझं पाप मला दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकावं लागलं. म्हाताऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. ते अक्काकडं वळले. "बाई, ह्यांचं काय करायचं, तुम्हीच सांगा."

ती दारात होती, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी मनातून बाहेर जायला निघालो होतो. चिंचेखालची जागाही डोळ्यांपुढं आली होती.

"काय करायचंय?" अक्का म्हणाली. "बसू द्या. त्याला आधी द्या. पाय कापायलेत त्याचे, पडंल."

बायकांच्या बाजूनं कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच रडलं. बायका सरकल्या, जागा झाली, अक्का आत येऊन त्यांच्यात बसली. पाळकसाहेब खरंच आधी माझ्याकडं आले. शिक्षेची तयारी मी केली होती. ह्याची नव्हती. भाकरीचा तुकडा तळहातावर आला, मी तोंडात घातला, आणि चावायचं कसं तेच सुचेना. अक्का तिकडून बघत होती. लहानपणी मी घास गालात धरून बसलो की करायची तसेच डोळे मोठे करून ओठांनीच म्हणाली, "गिळ."