डावा कल्ला

माझी भाची हट्टी आहे, हे मी ती रांगत होती तेव्हापासून सांगत आलोय. तो हट्ट माझ्याच डोक्यावर येऊन बसेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

तिच्या कॉलेजला थंडीची लांबलचक सुट्टी लागली होती. मैत्रिणींबरोबर बर्फाच्या डोंगरांत जायचा बेत पक्का होता, बॅग भरून दाराशी ठेवलेली. आणि घरात भाऊजी खिडकीशी बसून. भाऊजी म्हणजे तिचे वडील, चौकातल्या सलूनचे मालक. मोठ्या आजारातून उठून ते दुकानात गेले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. जखम नखाएवढी, गिऱ्हाईक हसून निघून गेलं. पण भाऊजींनी हाय खाल्ली. तेव्हापासून शटर खाली. हात ठीक आहे, कामाला लावा, असं डॉक्टर सांगून दमले, माझी ताई समजावून दमली. मी माझं डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, त्यामुळे माझं पार रान माजलं होतं.

पोरगी त्या बॅगेकडे बघत बराच वेळ बसली. मग तिनं कपडे परत कपाटात लावले आणि सुट्टीभर दुकान आपण चालवणार, असं जाहीर केलं. कात्री धरायला तिला भाऊजींनीच शिकवलं होतं. तरी ते नको नको म्हणाले. तुम्ही नुसते येऊन बसा, एकटीला भीती वाटते, असं ती म्हणाली. भीती, आणि हिला! पण बापाला ते पटलं.

भाऊजी कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पोरीचा हात झकास चालायचा. गिऱ्हाइकं खूश होऊन जायची आणि भाऊजी पेपरातून मान वर काढायचे नाहीत. तिचं चांगलं चाललंय म्हटल्यावर त्यांची गरजच काय होती?

मग एका सकाळी तिनं मला खुर्चीत बसवलं. थोड्या वेळानं आरशात पाहतो तर डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं माझी मान खाली दाबली आणि तो आणखी वर नेला.

पेपर खाली आला.

"अगं, डावा बघ कुठे गेलाय."

"मला तर सरळच दिसतोय, बाबा."

भाऊजी उठले. पेपर जमिनीवर पडला. त्यांनी तिच्या हातातून कात्री घेतली. मी डोळे मिटले, कान देवाच्या हवाली केले. कंगवा केसांत शिरला, कात्री कंगव्याला टेकली आणि तिचा जुना आवाज सुरू झाला, एकसारखा, न अडखळता. डाव्याशी जुळवताना त्यांना माझं डोकं जवळजवळ भादरावं लागलं. ते मान वाकडी करून बघत होते, पुटपुटत होते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच हाक मारली.

भाची मला दारापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे ओले होते.

"मामा, रागावू नकोस. गिऱ्हाइकाचं डोकं मुद्दाम बिघडवणं बाबांनी मला शिकवलेलं नाही. घरचं म्हणावं असं तुझंच होतं."

ती थंडी मी कानटोपीत काढली. पण भेटेल त्याला टोपी काढून दाखवायचो, आमच्या भाऊजींनी कापलेत म्हणून.