मामेसासरे आणि दातांवरची जित्राबं

जावयाचे पाय धुणारे सासरे जगात पुष्कळ सापडतील. पण जावयाला मानानं खुर्चीवर बसवून, "आ करा जावईबापू" म्हणत त्याच्या दातांवरचं कीटण खरवडून काचपट्टीवर घेणारे सासरे पृथ्वीवर एकच आहेत आणि ते माझ्या वाट्याला आलेले आहेत. ते माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. मूळचे खुलताबादकडच्या एका वाडीतले. घरची मेंढरं होती, पण हे शिकले आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत चिकटले. सगळी नोकरी एकाच कामात गेली: गाई-म्हशींचं शेण काचपट्टीवर घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. त्या कामाची त्यांना इतकी गोडी की पुंडलिकनगरात घर बांधल्यावर वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना ते घर दाखवायचं सोडून जंतांचे प्रकार सांगत बसले होते. निवृत्त होताना दवाखान्यातला एक जुना मायक्रोस्कोप भंगारात निघाला, तो त्यांनी घरी आणला आणि देवघराशेजारच्या टेबलावर ठेवला. देवाला एकदा हात जोडायचे आणि मायक्रोस्कोपला दोनदा.

मामेसासऱ्यांचे वरचे चार दात ओठांची हद्द सोडून बाहेर आलेले होते. त्यामुळे हसू आलं की ते हात आधी तोंडावर नेत आणि मग हसत. निवृत्तीच्या समारंभातल्या सगळ्या फोटोंत हार दिसतो, श्रीफळ दिसतं, आणि तोंडाच्या जागी पंजा. साठी गाठल्यावर त्यांनी एके दिवशी जाहीर केलं की आपण दातांना तार बसवणार. मामी म्हणाल्या, "आता या वयात कुणाला दाखवायचेत दात?" त्यावर ते म्हणाले, "आजवर कुणाला दाखवले नाय म्हणूनच तर." आठवडाभरात वरखाली लखलखत्या स्टीलच्या तारा लावून ते घरी आले. आल्या आल्या आरशासमोर उभं राहून मामींना म्हणाले, "मेंढरांच्या वाड्याला तारेचं कुंपण घातल्यावाणी दिसतंय न्हाई?"

इथवर सगळं ठीक होतं. पण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जाता जाता एक वाक्य टाकलं: "मामा, ब्रश नीट करा हं, तारेखाली जंतू फार जमतात." त्या बिचारीला काय माहीत, आपण कुणाला काय सांगून बसलो ते! गाई, म्हशी, शेळ्या, एकदा तर सर्कशीतला उंट, अशा सगळ्यांचे जंतू या माणसानं पाहिले होते. स्वतःचे तेवढे राहिले होते. त्याच दुपारी त्यांनी दातकोरणीनं तारेखालचं कीटण काढलं, जांभळ्या रंगात बुडवलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. संध्याकाळी मी गेलो तरी डोळा तिथंच. "या जावईबापू, बघा. एकामागं एक चाललेत, मेंढ्यांवाणी. अन् का नाय येणार? तारेच्या खाली ब्रश पोचत नाय. पाणी हाय, चारा हाय, लांडग्याचं भ्या नाय. असं रान सोडून कोणतं जित्राब जाईल?"

मग त्या घरात काय काय झालं ते सांगताना आजही मामींचा आवाज चढतो. जांभळ्या रंगाची बाटली हळदीकुंकवाच्या डब्यांशेजारी आली आणि श्रावणात शेजारच्या दोन बायका जांभळी कपाळं घेऊन घरी गेल्या. जंतू वाढवायला त्यांनी चायना ग्रास घोटून वाट्यांत ओतलं आणि त्या वाट्या ऊब मिळावी म्हणून घोंगडीत गुंडाळून ठेवल्या. तेव्हापासून आमच्या नात्यातलं कुणी त्यांच्याकडे पुडिंग खात नाही. सीताफळाच्या दिवसांत त्यांनी दौलताबादहून टोपलीभर सीताफळं आणली. सकाळी सीताफळ, दुपारी पेरू, संध्याकाळी नानखटाई, आणि प्रत्येक खाण्यानंतर तारेवरचं खरवडणं. वही भरली. सीताफळ पहिलं आलं. हा निकाल घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या पेशंटना वाचून दाखवला. दोन जण तार न लावताच उठून गेले म्हणतात.

पण एकट्या स्टीलच्या तारेवर त्यांचं समाधान होईना. सिरॅमिकच्या पांढऱ्या क्लिपांवर जंतू जास्त की कमी, हा प्रश्न त्यांना जेवू देईना. माझा एक सुळा जरासा तिरका आहे. तो मला, माझ्या बायकोला आणि मी ज्यांना मराठी शिकवतो त्या मुलांना कधीच खटकला नव्हता. मामेसासऱ्यांना तो एका रविवारी खटकला. "एकाच्या तोंडावरून काय ठरत नाय, जावईबापू. तुम्ही सिरॅमिकच्या लावा. दात बी सरळ व्हतील अन् शास्त्राला बी हातभार." मी नाही म्हणालो. तीन महिने नाही म्हणत होतो. चौथ्या महिन्यात माझ्या दातांवर सिरॅमिकच्या क्लिपा होत्या. सासरच्या माणसांना नाही म्हणण्याची कला मला येत नाही, आणि ते त्यांनी बहुधा मायक्रोस्कोपशिवायच ओळखलं होतं.

आता राहिला तिसरा प्रकार: काढता-घालता येणारे पारदर्शक ट्रे, जे लावलेत हे समोरच्याला कळतही नाही. आमच्या ओळखीत असा ट्रे कुणाच्याच तोंडात नव्हता. मामेसासरे लग्नकार्यात, बँकेत, भाजीवाल्यापाशी लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि सुस्कारा सोडत.

अशात त्यांच्या अश्विनीला बघायला पाहुणे आले. ही त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकवणारी, आणि तोवर आलेली चार स्थळं नाकारलेली. मुलगा कन्नडकडचा, वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर, देखणा आणि शांत. फारच शांत. पोह्यांच्या बशा आल्या तसा तो "हात धुऊन येतो" म्हणून उठला. पोहे झाले, पुन्हा हात धुवायला गेला. चहा आला, पुन्हा उठला. त्याची आई कौतुकानं म्हणाली, "आमच्या पोराला ल्हानपणापासनं स्वच्छतेची लई आवड." मामेसासऱ्यांनी मात्र खुर्ची पुढं ओढली. आत-बाहेर करताना मुलाच्या बोलण्यातला 'स' बदलत होता, तो त्यांनी पकडला होता.

"पाव्हणं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "किती दिवसांपासनं लागलंय हे?"

मुलगा पांढराफटक पडला. "आठ महिने."

"घरच्यांना म्हाईत हाय?"

"नाही."

मुलाच्या वडिलांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"दिवसातून किती तास?"

"बावीस."

"बावीस तास!" मुलाची आई किंचाळली. "अरं, काय लावून घेतलंस तू?"

"अन् जेवताना कुठं ठेवता?"

"रुमालात. खिशात."

"रुमालात!" मामेसासऱ्यांनी आनंदानं टाळी वाजवली. "काढा. दाखवा."

आणि त्या मुलानं, आज्ञाधारकपणे, दोन्ही घरच्या मंडळींसमोर खिशातल्या रुमालातून वरच्या दातांचा ट्रे काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. व्यसन नाही हे कळल्यावर वडील सुटकेनं मागे टेकले. आई मात्र पेटली. पोराचा एक दात मागं-पुढं आहे हे तिनं स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं, आणि पोरानं तिच्या भीतीनंच ट्रे लपवला होता. "जनावराच्या दवाखान्यातला माणूस हे म्हाईत व्हतं आम्हाला," ती उभी राहत म्हणाली, "पर आम्ही काय पोराला बैलबाजारात आणलंय का, दात बघून घ्यायला?" मंडळी इतक्या तडकाफडकी निघाली की ट्रे मामेसासऱ्यांच्या हातातच राहिला.

अश्विनी ओरडली नाही. "बाबा, मला आवडला होता तो," एवढंच बोलली आणि वर निघून गेली.

ज्या वस्तूसाठी हा माणूस वर्षभर तळमळला, ती आता त्याच्या हातात होती. आता जांभळी बाटली निघणार असं मी धरून चाललो होतो. त्यांनी वाटीत पाणी घेतलं, ट्रे त्यात ठेवला आणि वर झाकण घातलं. न राहवून मी विचारलं, "बघणार नाही?" ते एकदम चिडले. "त्याला न इचारता? जनावराचं सुद्धा मालकाला इचारल्याबिगर घेतलं नाय मी कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर स्टीलचा डबा धरून ते वाळूजला आले. कंपनीच्या गेटवर मुलगा आला. "पाव्हणं, चुकी माझी," मामेसासरे म्हणाले. "ही तुमची वस्तू. पाण्यात ठेवली व्हती, दुसरं काय केलं नाय. पोरीचा काय दोष नाय यात." मुलानं डबा घेतला आणि तिथंच घुटमळला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगा. असतील का हो यावर? कधी कधी वास येतो मला."

मामेसासऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला! "रविवारी या," ते म्हणाले. "दात न घासता या."

तो आला, एकटाच. आम्ही तिघं ओळीनं तोंडं उघडून बसलो: स्टील, सिरॅमिक आणि ट्रे. मामेसासऱ्यांनी तीन काचपट्ट्या केल्या. पण "माझं मन ट्रेकडं झुकलेलं हाय" म्हणून बघायला अश्विनीला बसवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग मान वर करून मुलाला म्हणाली, "सगळ्यात जास्त तुमचेच आहेत."

"सॉरी," तो म्हणाला.

त्या दोघांचं हे पहिलं बोलणं.

कंपनीत ट्रे घालूनच चहा पिणं आणि तो रुमाल, ही कारणं निघाली. मुलगा दर रविवारी तपासणीला येऊ लागला. जंतू कमी होत गेले, येणं कमी झालं नाही. वहीच्या शेवटी मामेसासऱ्यांनी निष्कर्ष लिहिला, तो मला पाठ आहे: "क्लिप कोणती ते जंतू बघत नाय. मालक किती आळशी ते बघत्यात." मुलानं आईला कसं वळवलं ते त्यालाच ठाऊक. ती पुन्हा आली ती एका अटीवर, की मुलीच्या बापानं तोंड उघडायचं नाही. ते बिचारे तासभर ओठ मिटून बसले. शेवटी तीच कुजबुजली, "माझ्या कवळीचं बी बघता का वो?"

लग्नाच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी मामेसासऱ्यांच्या तारा काढल्या. दात सरळ, ओठ मिटलेले, चेहरा दहा वर्षांनी तरुण. लग्नाच्या सकाळी मी त्यांना बोलवायला वर गेलो, तर ते बेसिनपाशी उभे होते. दाढी झाली होती, पण आरशापुढून हलत नव्हते.

"मामा, चला. नवरदेव येतोय."

"जावईबापू," ते न वळता म्हणाले, "रोज दाढी करताना बाप दिसायचा माझा. त्याचे दात बी तसेच पुढं आलेले व्हते. घरात त्याचा एक बी फोटो नाय. मेंढरांमागं फिरणाऱ्याचा कोण काढतो फोटो? तारा लावल्या तवा ध्यानातच नाय आलं." त्यांनी वरचा ओठ जिभेनं आतून पुढं ढकलला आणि मान तिरकी करून पाहिलं. "असं केलं की दिसतो. थोडा."

खाली वाजंत्री सुरू झाली होती. मी त्यांचं बघून होईपर्यंत दारातच थांबलो.